हवाईची पन्नाशी, जुन्या बाजारातून

रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर हे टपाल तिकीट तीस रुपयांना मिळालं. घासाघीस करून पंचवीसला आणलं. हवाई 21 ऑगस्ट 1959 ला अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून 2009 साली त्याच तारखेला हे 44 सेंटचं तिकीट निघालं.

चित्र हर्ब काने यांचं. लाटेवर उभा सर्फर आणि उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेलं लाकूड) बांधलेली होडी वल्हवणारे दोघं. माझं आजोळ मालवणचं, त्यामुळे उलांडी दिसली आणि हात आपोआप खिशाकडे गेला.

रंगांना पैकीच्या पैकी. मागच्या डिंकाला मात्र शून्य! पथारीवाला म्हणाला, ‘काका, पाण्यात टाका, सुटतंय लगेच.’ कोमट पाण्याच्या वाटीत तासभर ठेवलं, तरी तिकीट टपालाच्या पाकिटाचा कागद सोडेना. उलट एक कोपरा सोलला. अमेरिकेची अलीकडची स्टिकरसारखी तिकिटं साध्या पाण्याला बहुतेक दादच देत नाहीत, हे तिकीट जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या मित्राने नंतर सांगितलं. घेतलंत तर भिजवू नका. भोवती थोडा कागद ठेवून कात्रीने कापा आणि तसंच अल्बमात लावा. मी आता दुसरं शोधतोय.