एच-४ वरील मुलीसाठी घेतलेली वकिली सेवा: एक अनुभव

न्यू जर्सीतील एडिसन येथील एका इमिग्रेशन वकिलांची सेवा आम्ही गेले आठ महिने घेत आहोत. आमची मुलगी पाच वर्षांची असताना पुण्याहून येथे आली आणि सध्या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकते आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण होताच तिचा एच-४ दर्जा (अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराला व मुलांना मिळणारा) संपणार होता, आणि दुसरी सोय नसती तर तिला देश सोडावा लागला असता.

आधीच्या एका सल्लागाराने ‘तोवर ग्रीन कार्ड येईलच’ असे सांगून आमची दोन वर्षे वाया घालवली. या वकिलांनी मात्र पहिल्याच भेटीत खरा हिशेब मांडला. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत, त्यामुळे २०१६ ची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतील आपली तारीख) असूनही आमचा क्रमांक वेळेत लागणे शक्य नव्हते. २००२ च्या कायद्यानुसार, ग्रीन कार्डासाठी मुलाचे वय मोजताना आय-१४० अर्ज (नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळावे म्हणून केला जाणारा) जितके दिवस प्रलंबित राहिला तितके दिवस त्या वयातून वजा होतात. आम्ही तर जादा शुल्क भरून तो अर्ज पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला होता, म्हणजे ज्या घाईचे आम्हाला समाधान वाटत होते तिनेच मुलीच्या पदरात जेमतेम पंधरा दिवस टाकले. हे त्यांनी आम्हा दोघांना नव्हे, तर मुलीला समोर बसवून सांगितले, याचे मला विशेष वाटते.

एफ-१ या विद्यार्थी दर्जासाठीचा अर्ज त्यांनी वाढदिवसाच्या बराच आधी, काटेकोर कागदपत्रांसह दाखल केला. शुल्क ठरावीक होते. उणीव एवढीच, की ईमेलचे उत्तर कधी कधी आठवडाभर येत नाही, आणि विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी दर्जासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) मिळवण्याचा पाठपुरावा आम्हालाच करावा लागला.

हद्दपारीच्या चर्चेत कागदपत्रे नसलेल्यांचाच विचार होतो. लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कागदपत्रे नसलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या डाका योजनेतही त्या वर्षीच्या १५ जूनला वैध दर्जा नसणे ही अट होती, त्यामुळे कायदा पाळून राहिलेल्या कुटुंबांची मुले तिच्या बाहेर राहिली. ज्या मुलीला या देशाच्या सरकारी शाळांनी बालवाडीपासून घडवले, तिला शिक्षण फळाला येण्याच्या वेळी परके ठरवणे अन्यायाचे आहे, आणि त्यात या देशाचेही मोठे नुकसान आहे, असे मला मनापासून वाटते. गेल्या उन्हाळ्यात तिला एका प्रयोगशाळेने पगारी काम देऊ केले होते, परंतु एच-४ वरील मुलांना नोकरीची परवानगी नसल्याने तिने ते नाकारले.

मूल सोळा-सतरा वर्षांचे असतानाच या वकिलांची भेट घ्यावी, आणि जाताना आय-१४० दाखल झाल्याची व मंजुरीची, अशा दोन्ही तारखांचे कागद सोबत न्यावेत.