गवत किती वाळले: उपग्रहाची नजर की निरीक्षकाची?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात उन्हाळ्याच्या तोंडावर गवताळ रानांतील वाळलेल्या गवताचे प्रमाण शून्य ते 100 टक्क्यांत मांडले जाते, कारण वणव्याच्या धोक्याचे गणित या आकड्याशिवाय सुटत नाही.

'मोडिस' संवेदक वाहणारे टेरा आणि अ‍ॅक्वा हे उपग्रह जवळपास रोज या भूभागावरून जात आले आहेत. हिरवे पान लाल प्रकाश शोषून अवरक्त किरण परतवते आणि वाळताना हा फरक ओसरतो, या एका गुणावरून सारे राज्य एका नकाशात बसवता येते. मात्र त्यातील एक ठिपका 250 ते 500 मीटरचा असतो. त्यात निलगिरीची झाडे किंवा ओलिताचे शेत आले, की शेजारचे कोरडे गवतही हिरवट ठरते. ढगांपुढे तर इलाजच नाही.

जमिनीवरचा निरीक्षक वाकून पिवळ्या काड्यांखालचे हिरवे फुटवे पाहू शकतो. परंतु अंदाज अखेर डोळ्याचा, तोही मोजक्याच शिवारांचा.

राज्यव्यापी चित्रासाठी मी उपग्रहच निवडेन. पण जेथे झाडे विखुरलेली आहेत, तेथे निरीक्षकाच्या नोंदीने न पडताळलेल्या आकड्यावर आगबंदीचा निर्णय सोपवणे मला धाडसाचे वाटते.