खानापूरची पांगाऱ्याची होडी: खेळणे उत्तम, दावा अपुरा

बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात एका सुताराकडे मिळणारी वीतभर लांबीची लाकडी होडी मी भाच्यासाठी साडेतीनशे रुपयांना घेतली. मलप्रभा नदीत सोडल्यास ती थेट समुद्राला मिळते, असे तेथे ठासून सांगितले जाते. त्यामुळे खेळण्याबरोबर हा दावाही पारखून घेणे मला आवश्यक वाटले.

बांधणीबद्दल शंका नाही. सावंतवाडीची खेळणी पूर्वी ज्या पांगाऱ्यापासून घडत, तेच हलके लाकूड येथेही वापरले आहे, आणि तळाला ठोकलेल्या लोखंडी पट्टीमुळे होडी मुद्दाम आडवी पाडली तरी डुलत सरळ होते. मात्र पांगारा पाणी पितो आणि लवकर कुजतो. बाहेरून राळ-तेलाचा हात नीट फिरवलेला असूनही पट्टीच्या खिळ्यांची भोके उघडीच राहिली आहेत; रात्रभर हौदात ठेवल्यावर मागची बाजू बोटभर खाली गेली आणि खिळ्यांभोवतीचे लाकूड काळवंडले. भोकांत वितळलेले मेण भरल्यावर ही तक्रार राहिली नाही, पण ते काम सुतारानेच करायला हवे होते.

आता दाव्याविषयी. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा सुमारे 304 किलोमीटर वाहून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तेव्हा वाट आहे, यात वाद नाही. परंतु सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचे धरण आहे, तर पुढे कृष्णेवर नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी रांगच लागते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात प्रवाह जवळजवळ थांबतो आणि वारा होडीला काठाला लावतो, म्हणजे प्रत्येक भिंतीपाशी तिला उचलून पलीकडे सोडणारा माणूस भेटलाच पाहिजे. याच तालुक्यातून गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीची वाट समुद्रापर्यंत बरीच आखूड आहे खरी, पण त्या वाटेवर वज्रपोहासारखा धबधबा असल्याने तेथे या होडीची धडगत नाही.

म्हणूनच तळावरील ‘सापडल्यास पुन्हा पाण्यात सोडा’ ही ओळ केवळ मराठीत असणे मला सर्वांत मोठी उणीव वाटते. मलप्रभेवरील एम. के. हुबळी गावाच्या पुलाखालून होडी पुढे गेली की ती उचलणारा बहुधा कन्नड वाचणारा असेल, आणि आणखी पुढे तेलुगू. सीमाभागातील सुताराला हे सांगावे लागावे, याचे थोडे नवल वाटते. मी शेजाऱ्यांकडून कन्नड ओळ लिहून घेतली. आपण मागणी नोंदवताना ती आधीच कोरून मागावी.