एक जाड स्लीपिंग बॅग की एकात एक दोन? परभणीच्या शेतापासून केदारकंठापर्यंत

लातूरच्या भाच्याचा परवा फोन आला. “मामा, डिसेंबरात केदारकंठाचं पक्कं झालंय. उणे दहाची नवी बॅग घेऊ, का घरातल्या बॅगेवर अजून एक चढवू?” केदारकंठा म्हणजे उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक, आणि बॅगेचा आकडा म्हणजे ती किती अंशांच्या थंडीपर्यंत पुरते ते. अर्धा तास बोललो तरी पुरं समाधान झालं नाही, त्याचंही आणि माझंही. मराठवाड्यातून हिमालयात जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्वतःच्या वर्षाचा हिशेब मांडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्यावर झोपायला चादरसुद्धा नको वाटते. पावसाळ्यात म्हैसमाळला किंवा बालाघाटाच्या डोंगरात मुक्काम केला तर पंधरा अंशांची हलकी बॅग पुरते. डिसेंबर-जानेवारीत मात्र परभणीचा पारा अधूनमधून पाच-सहा अंशांवर उतरतो आणि मोकळ्या रानात हुडहुडी भरते. म्हणजे घरच्या घरी तुम्हाला वीसपासून पाच अंशांपर्यंतचं पांघरूण लागतं. उणे तापमानाच्या रात्री वर्षाकाठी तीन-चार, त्याही हिमालयात गेलात तर.

त्या तीन-चार रात्रींसाठी घेतलेली जाड बॅग इथे किती उपयोगी पडते, ते मी अनुभवलंय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत परभणीजवळ मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. रात्री नऊ अंश. माझ्याकडे उणे दहाची पिसांची बॅग. अर्ध्या तासात पाठ घामाने ओली झाली. चेन उघडली की छातीवर गार वारा, लावली की पुन्हा घाम. मध्यरात्री लाइट आली तसे मित्राचे वडील घोंगडी खांद्यावर टाकून गव्हाला पाणी द्यायला निघाले, तेव्हाही मी जागाच होतो. पहाटे ज्वारीच्या पानांवर दव होतं तसंच बॅगेवरही होतं. बॅग आतून घामाने ओली, बाहेरून दवाने. उचलून पाहिली तर एरवी फुगलेल्या कप्प्यांमध्ये पिसांचे गोळे झाले होते. ती नीट वाळायला दोन दिवस ऊन द्यावं लागलं.

हीच बॅग हिमालयात मात्र सोन्यासारखी आहे. वजनाला हलकी, सॅकमध्ये एका कोपऱ्यात मावते, आत शिरून टोपीची दोरी ओढली की झालं. कूस बदलताना गुंता होत नाही. ज्याला घरच्या डोंगरांत मुक्काम करायचाच नाही आणि दरवर्षी बर्फातच जायचंय, त्याने बिनधास्त एक चांगली जाड बॅग घ्यावी. त्याला पुढचं वाचायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी माझं मत दोन बॅगांच्या बाजूने आहे. एक दहा अंशांची, एक शून्य किंवा उणे पाचची. पावसाळ्यात पहिली, जानेवारीत दुसरी, हिमालयात दोन्ही. एकत्र किती थंडी झेपेल, याचा ट्रेकर मंडळींत एक ठोकताळा चालतो: हलक्या बॅगेचा आकडा २१ मधून वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा आणि जाड बॅगेच्या आकड्यातून तेवढं खाली या. शून्याची आणि दहाची घेतली तर २१ वजा १० म्हणजे ११, त्याचे निम्मे साडेपाच, म्हणून उणे साडेपाच. जाड बॅग उणे पाचची असेल तर उणे साडेदहा. केदारकंठाला हिवाळ्यात तंबूतली रात्र उणे दहाच्या आसपास जाते, त्यामुळे शून्य-दहाची जोडी तिथे अपुरी पडेल.

यात कुठला आकडा धरायचा ते महत्त्वाचं. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे अंग सैल सोडून झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र निघेल ते. एक्स्ट्रीमला झोपेचा संबंधच नाही. तिथे शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरण्याची भीती असते. दुकानात मोठ्या अक्षरांत कोणता आकडा छापलाय ते नीट बघा आणि हिशेब कम्फर्टवरच करा.

दोन बॅगा एकमेकींत घालताना लोक जी चूक करतात, ती मीही केली. दोन्ही एकाच मापाच्या घेतल्या. उत्तराखंडातल्या हर की दूनच्या वाटेवर रात्री दोन वाजता पाय बर्फासारखे झाले. हात लावून पाहिलं तर पायाकडची आतली पिसं बाहेरच्या बॅगेने पार दाबून टाकली होती. पिसं स्वतः ऊब देत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. पिसं दबली की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. तेव्हा बाहेरची बॅग खांद्याला आणि पायाला चांगली ऐसपैस हवी. विकत घेण्याआधी दोन्ही एकात एक घालून आत झोपून बघा, गुडघे वर घ्या, कूस बदला. कापड कुठे ताणलं गेलं तर ते माप तुमचं नाही. चेनही दोन्हींना एकाच बाजूला हवी, नाहीतर रात्री लघवीला उठताना अंधारात झटापट होते.

आत पिसांची, बाहेर सिंथेटिक म्हणजे कृत्रिम धाग्यांनी भरलेली, हा क्रम आता मी कधी मोडत नाही. अंगातून रात्रभर ओलावा निघतो. बाहेर जाताना तो गार थरात पोचला की त्याचं पाणी होतं, कडक थंडीत बर्फही. हा गार थर सिंथेटिक बॅगेत पडू दे. ती भिजली तरी बऱ्यापैकी ऊब देते आणि लवकर वाळते. तंबूच्या कापडावरून टपकणारं पाणीही तीच झेलते. शिवाय मळते ती बहुतेक बाहेरचीच, आणि ती धुवायला सोपी. २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात पिसांची बॅग साबण पुरता निघेपर्यंत खळबळायची म्हणजे किती बादल्या, ते भाच्याला सांगावं लागलं नाही.

तोटा वजनाचा. माझ्या दोन्ही बॅगा मिळून जवळपास तीन किलो भरतात, आणि निम्मी सॅक त्यांनीच व्यापते. खेचर किंवा पोर्टर नसेल तर हे ओझं चढावर जाणवतं.

घरची वाकळ बॅगेवर टाकू का, असंही काही जण विचारतात. गाडीने जाऊन शेतावर झोपायचं असेल तर अवश्य, पण बॅगेच्या खाली अंथरा. वर टाकली तर तिच्या वजनाने बॅग दबते आणि सुती कापड दव पिऊन बसतं. डोंगरात चालत नेण्याजोगी ती नाहीच. घोंगडी त्यापेक्षा बरी, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते.

आणि खाली मॅट हवीच. पाठीखाली बॅग दबलेलीच असते, त्यामुळे दोन बॅगा घातल्या तरी जमिनीची थंडी थेट वर येते. मॅट जमिनीची थंडी किती अडवते ते आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकं चांगलं, आणि दोन मॅटांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. बर्फावर पाचच्या आसपास बेरीज असावी. फोमची एक मॅट खाली आणि हवेची वर, असं मी करतो.

लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायच्या चादर ट्रेकसारख्या ठिकाणी, जिथे रात्री उणे वीस ते तीसपर्यंत पारा जातो, तिथे वरचा ठोकताळा घेऊन दोन साध्या बॅगांवर जाऊ नका. तिथे त्या थंडीसाठीच बनवलेली बॅग हवी. तिच्यावर सैल सिंथेटिक खोळ चढवलीत तर उत्तमच, कारण सलग सात-आठ रात्रींत पिसांत साठणारा ओलावा बॅगेची ताकद रोज थोडी कमी करतो.

भाच्याकडे शून्य अंशांची सिंथेटिक आहे, मापाने मोठी. तिच्या आत घालायला पाच अंशांची पिसांची घे म्हणालो. २१ वजा ५ म्हणजे १६, निम्मे आठ, म्हणून उणे आठ. उरलेले दोन-तीन अंश कोरडे थर्मल, लोकरी मोजे आणि झोपताना पायाशी ठेवलेली गरम पाण्याची बाटली भरून काढतील. बाटलीचं झाकण मात्र दोनदा तपासायचं. निघण्याआधी थंडीची लाट आली की परभणीला ये म्हटलंय, माझ्या गच्चीवर एक रात्र दोन्ही बॅगा घालून झोपून बघू.