चेनसॉसाठी चॅप्स की ट्राउझर? नागपूरच्या तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर

मागच्या हिवाळ्यात चेनसॉचे चॅप्स घेतले, म्हणजे झाडं कापायची मशीन चालवताना पँटवरून पट्ट्यांनी बांधायचं, मागून उघडं असं पायांचं संरक्षक आवरण. ट्राउझर म्हणजे तेच संरक्षण शिवलेली पूर्ण पँट. आता पोळा-मारबत होऊन गेली. थंडी, नवतपा आणि पावसाळा तिन्ही झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो, या काळात चालू चेन माझ्या पायाला एकदाही लागली नाही. त्यामुळे ‘चॅप्सनी पाय वाचवला’ अशी गोष्ट माझ्याकडे नाही. मी सांगू शकतो ते एवढंच की ही वस्तू नागपुरात अंगावर राहते का, कशामुळे निघते आणि घेताना काय बघायचं. माझ्या मते खरेदीचा खरा प्रश्नही हाच आहे.

माझं काम साधं आहे. कळमेश्वरकडे संत्र्याची बाग आहे. डिंक्या रोगाने वाळलेली झाडं काढायची, धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ आणि सुबाभूळ आवरायची. शहरात मे-जूनच्या वादळाने कॉलनीत कडुनिंबाची किंवा गुलमोहराची फांदी पडली की लोक हाक मारतात. मशीन छोटी पेट्रोलची, १६ इंची पट्टीची (जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी). मी आणि आमचा सालदार, दोघंच चालवतो. आधी जीन्स घालून काम चालायचं. जीन्स काट्याला बरी, पण चेनपुढे तिचा काही उपयोग नाही. वेल्डिंगचा चामड्याचा अॅप्रन कोणी सुचवला तर तोही नको. तो ठिणग्यांसाठी असतो.

चॅप्सच्या आत काय असतं हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. बाहेरून जाड कापड, आत लांब आणि सैल धाग्यांचे बरेच थर. चेनने वरचं कापड फाडलं की दात हे धागे ओढून बाहेर काढतात, धागे चेनबरोबर मशीनच्या पोटात जातात आणि स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, गुंडाळून चेन अडवतात. मोपेडच्या चाकात ओढणी गेल्यावर होतं तसंच. म्हणजे हे कापड कापलं जाणारच, कापलं जाऊनच ते काम करतं. ‘कट-प्रूफ’ असं कोणी विकत असेल तर त्याला माल कळलेला नाही, किंवा आपल्याला कळू नये असं त्याला वाटतं.

आता लेबल. पायाच्या कपड्यांसाठी युरोपचं जुनं मानक ईएन ३८१-५, त्याच्या जागी आता ईएन आयएसओ ११३९३-२ आहे. कपड्यावर चेनसॉचं चित्र आणि सोबत वर्ग लिहिलेला असतो. वर्ग ० म्हणजे चाचणीत चेनचा वेग सेकंदाला १६ मीटर, वर्ग १ म्हणजे २०, वर्ग २ म्हणजे २४ आणि वर्ग ३ म्हणजे २८. अमेरिकी मालावर एएसटीएम एफ१८९७ असं असतं, त्याची चाचणी वेगळी, आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. नागपुरात दुकानात विचारलं तर बहुतेक ठिकाणी ‘ऑर्डर देऊन मागवावं लागेल’ हेच उत्तर मिळालं. ऑनलाइन स्वस्तात जे ‘चेनसॉ अॅप्रन’ दिसतात त्यातल्या कित्येकांच्या फोटोत लेबलच दिसत नाही. विक्रेत्याला आतल्या लेबलचा फोटो मागा. नाही दिला तर पुढे जा.

वर्ग निवडताना मी आपल्याच मशीनचं गणित केलं, तुम्हीही करा, सोपं आहे. माझ्या मशीनची चेन ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप), स्प्रॉकेटला सहा दात, आणि एक दात दोन पिच चेन ओढतो. एका फेऱ्यात साधारण ११४ मिलिमीटर चेन पुढे जाते. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे मारत असेल तर चेनचा वेग सेकंदाला १९ मीटर. लाकडात असताना असंच काहीसं असतं. पण पट्टी लाकडाबाहेर काढून थ्रॉटल दाबलेलाच ठेवला आणि फेरे १२,५०० वर गेले, तर वेग २४ च्या जवळ पोचतो, म्हणजे वर्ग १ च्या आकड्याच्या वर. आणि पायाला चेन लागते ती बहुधा अशाच वेळी, एक फांदी कापून दुसरीकडे वळताना. तरीही मी वर्ग १ घेतला. वर्ग जसा चढतो तसे थर वाढतात, वजन आणि उकाडाही वाढतो. त्याऐवजी कापून झालं की थ्रॉटल सोडायचा आणि दोन पावलंही टाकायची असली तरी चेन ब्रेक लावायचा, ही सवय आम्ही दोघांनी लावून घेतली. वर्गाचा आकडा ही प्रयोगशाळेतली परीक्षा आहे, हमी नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. ए प्रकारात संरक्षण पायाच्या समोरच्या बाजूला आणि कडेला थोडं. बी मध्ये डाव्या पायाच्या आतल्या बाजूची आणखी पट्टी. सी म्हणजे पायाभोवती सगळीकडून. जंगलात रोज मशीन चालवणाऱ्या मुरलेल्या माणसाला ए चालतो, असं मानतात. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याचं मार्गदर्शन मात्र शेतीत अधूनमधून चेनसॉ वापरणाऱ्यांना सी सुचवतं. म्हणजे माझ्यासारख्याला! नवख्या माणसाच्या हातातली मशीन कुठून कशी फिरेल सांगता येत नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो बरोबर आहे. मी तरीही समोरून संरक्षण देणारे चॅप्स घेतले. कारण एकच, ऊन.

एका ओळखीच्यांकडचं सी प्रकारचं ट्राउझर मी एप्रिलच्या सकाळी घालून पाहिलं होतं. साडेआठलाच मांड्यांवर घामाच्या धारा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पावसाळ्याआधीची झाडांची कामं नेमकी तेव्हाच निघतात. अशा दिवसांत ते ट्राउझर खुंटीवर राहणार आणि माणूस लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून मशीन हातात घेणार, हे मी आजूबाजूला पाहिलेलं आहे. चॅप्सची मागची बाजू उघडी असते, वारा लागतो. मुख्य म्हणजे मशीन बंद केली की बक्कल सोडून अर्ध्या मिनिटात ते उतरवता येतात. सावलीत बसून पाणी प्यायचं, परत चढवायचे. ट्राउझर असं दर अर्ध्या तासाला कोण बदलणार?

नवतप्यातही आम्ही ते घातले. आनंदाने घातले असं नाही. सालदार पहिल्या आठवड्यात म्हणाला, “भाऊ, एवढ्या उन्हात हे कायले घालाव? घाम तं पायातून वाहून राहिला.” मी म्हटलं, मशीन हातात असेल तेवढाच वेळ घाल. वाद घालण्यापेक्षा आम्ही वेळ बदलली. उजाडता उजाडता सुरुवात, साडेनऊला मशीन बंद, मग फांद्या ओढणं आणि ढीग लावणं चॅप्सशिवाय. आत पातळ सुती पायजमा बरा पडतो. सिंथेटिक ट्रॅकपँट घातली की कापड पायाला चिकटतं आणि मांड्या सोलवटतात.

आता या चॅप्सची खोड, जी मला कुठल्याच जाहिरातीत दिसली नाही. हे कपडे उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या मापाने बेतलेले असतात. आपल्याकडे बुंध्याशी कापताना माणूस उकिडवा बसतो. डिंक्याचं झाड जमिनीलगत कापायचं असेल तर बसणारच. बसलं की चॅप्स नडगीवरून वर सरकतात, घोट्याच्या वरचा वीतभर भाग उघडा पडतो, आणि पट्टीचं टोक त्याच उंचीवर फिरत असतं. पिंडरीचे पट्टे एक भोक घट्ट केल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही. यावर उपाय दोन. एक गुडघा टेकून कापायचं, आणि पायात चांगले उंच बूट हवेत. चेनसॉचे बूट वेगळे येतात, त्यांचं मानक ईएन आयएसओ १७२४९. ते मी अजून घेतलेले नाहीत, सध्या बोटांवर पोलादी टोपी असलेले उंच सेफ्टी बूट वापरतो. स्लिपर घालून चॅप्स लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं! शहरात फांद्या छाटणारे कित्येकजण असेच दिसतात.

लांबी हा याच्याशीच जोडलेला मुद्दा. ‘फ्री साइज’ लिहिलेलं घेऊ नका. कमरेपासून बुटाच्या वरच्या कडेच्या थोडं खालपर्यंत मोजा आणि ते माप विक्रेत्याला कळवा. अमेरिकेत लाकूडतोडीच्या कामाचा नियमही मांडीपासून बुटाच्या वरच्या कडेपर्यंत पाय झाकावा असंच सांगतो. आमच्या सालदाराची उंची कमी, त्याला माझे चॅप्स पायाखाली येतात आणि ओंडक्यावरून उतरताना अडखळायला होतं. खालून कापून लहान करायचा विचारही करू नका. कापलेल्या कडेतून आतले धागे मोकळे होतात आणि तो भाग निकामी होतो.

शिलाईचंही तसंच. बाभळीच्या काट्याने माझ्या डाव्या मांडीवर वरच्या कापडाला बोटभर चीर गेली. शिंप्याकडे दिलं असतं तर त्याने प्रेमाने सगळ्या थरांतून मशीन मारून दिली असती. धागे एकदा असे शिवले गेले की ते सैल ओढले जात नाहीत, आणि सगळी मदार तर त्यांच्या सैल निघण्यावरच. मी फक्त वरच्या कापडावर गोंदाने ठिगळ चिकटवलं, टिकलं आहे. चेन लागून आतले धागे बाहेर आले असतील तर मात्र दुरुस्ती नाही, ते चॅप्स संपले. कितीही जीव तुटला तरी.

धुण्याबद्दल थोडं, कारण आपल्याकडे वाट लागते ती इथेच. बरेचजण बार ऑइलऐवजी (पट्टी आणि चेनसाठीचं खास तेल) जळालेलं इंजिन ऑइल चेनला घालतात. ते मांडीवर उडतं, त्यात भुसा बसतो आणि कापड कडक होतं. तेल आत मुरलं की धागे एकमेकांना चिकटतात. मी ऑइलच बदललं. चॅप्स महिन्यातून एखादवेळ साध्या साबणाने, हाताने, मऊ ब्रशने धुतो. ब्लीच नाही, इस्त्री नाही, आणि दगडावर आपटणं तर अजिबात नाही. घरी एवढं एक वाक्य सांगून ठेवावं लागलं. पावसाळ्यात ओले झाले की जड होतात आणि वाळायला दोन दिवस घेतात. ओलेच गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकले तर बुरशीचा वास येतो. व्हरांड्यात सावलीत दोरीवर टांगा.

किरकोळ तक्रारी: हिवाळ्यात धुऱ्यावरच्या गवताची कुसळं बाहेरच्या कापडात अशी रुततात की चिमट्याने काढावी लागतात. सुबाभळीच्या दाट फुटव्यात मागचे पट्टे डहाळ्यांत अडकतात. कमरेचं प्लास्टिकचं बक्कल उन्हात ठेवल्यावर जरा सैल झाल्यासारखं वाटतं, पण अजून तुटलेलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या चॅप्सना लागू आहे.

इलेक्ट्रिक मशीन वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. हल्ली घराघरात वायरवाल्या आणि बॅटरीच्या चेनसॉ आल्या आहेत. त्यांच्या चेनचा वेग पेट्रोल मशीनपेक्षा बऱ्याचदा कमी असतो, म्हणून लोक निर्धास्त. पण इलेक्ट्रिक मोटरचा जोर कमी फेऱ्यांवरही कायम राहतो. धागे गुंडाळले गेले तरी ती चेन ओढत राहू शकते. त्यामुळे काही चॅप्सच्या लेबलवर इलेक्ट्रिक चेनसॉसाठी नाही असं लिहिलेलं असतं. लेबल वाचूनच घ्या.

झाडावर चढून कापणाऱ्याला मी समोरूनचे चॅप्स सुचवणार नाही. वर असताना मशीन कुठल्याही बाजूने पायाशी येते आणि पट्टे फांदीत अडकले तर वेगळाच धोका. तिथे सी प्रकारचं ट्राउझरच हवं, भले काम डिसेंबरवर ढकलावं लागलं तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर चॅप्सला पाच आकडी रक्कम लागली नाही, ट्राउझरला लागली असती. येत्या हिवाळ्यात सालदारासाठी दुसरे घ्यायचे आहेत. त्याच्या मापाचे, लांबीला कमी, आणि पिंडरीला दोनऐवजी तीन पट्टे असलेले मिळाले तर तेच. कोणाला नागपुरात किंवा मागवून असं आखूड माप मिळालं असेल, तर आतल्या लेबलचा फोटो टाका.