संत्रा कलमांची जाहिरात: लिहून देणारा एआय सहायक घ्यावा की पोस्टरचे ॲप?

शेंदूरजना घाट, वरुड, मोर्शी या पट्ट्यातील रोपवाटिकांचा धंदा आजवर ओळखीवर आणि फोनवर चालत आला आहे. काटोल-नरखेडचा किंवा पांढुर्ण्याचा शेतकरी पूर्वी स्वतः येऊन, वाफ्यात उभा राहून कलमा पाहत असे आणि मगच इसार देत असे. आता तो आधी व्हॉट्सॲपवर फोटो आणि दर मागवतो, दोन-तीन रोपवाटिकांचे फोटो शेजारी ठेवून पाहतो आणि त्यानंतरच गाडी काढायची की नाही ते ठरवतो. राजस्थानातील झालावाडकडच्या बागायतदाराला तर फोटोखेरीज दुसरा आधारच नसतो. त्यामुळे मृग लागण्यापूर्वीच्या काळात माझ्यासारख्या लहान रोपवाटिकाधारकाला कलमांच्या निगराणीइतकेच लक्ष रोजच्या मजकुराकडे आणि चित्रांकडे द्यावे लागते, आणि हे काम हलके करण्यासाठी एआयचे कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न या भागातील अनेकांपुढे आहे. मी तो माझ्यापुरता सोडवला आहे. तुमचा धंदा वेगळा असेल तर उत्तरही वेगळे येऊ शकेल, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

तुलना मुख्यतः दोन प्रकारांत आहे. पहिला प्रकार म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखे सहायक, ज्यांना आपण मराठीत सांगतो आणि ते मजकूर किंवा चित्र तयार करून देतात. दुसरा प्रकार म्हणजे कॅनव्हासारखी मांडणीची ॲप, ज्यांत तयार साचे असतात, फोटो आपला असतो आणि एआय फक्त मदतीला असतो. दोन्ही फोनवर चालतात आणि दोन्ही काही प्रमाणात फुकट वापरता येतात, तेव्हा वैशिष्ट्यांची यादी येथे देत नाही.

पैशांच्या बाबतीत आज लिहिणारे सहायक स्वस्त पडतात, यात शंका नाही. ऑगस्ट 2025 मध्ये चॅटजीपीटी गो ही योजना भारतात दरमहा 399 रुपयांना आली आणि यूपीआयने पैसे भरण्याची सोय झाली. पुढे 4 नोव्हेंबर 2025 पासून ठराविक मुदतीत नोंदणी करणाऱ्यांना ती वर्षभरासाठी मोफत देण्यात आली. जिओनेही पात्र 5जी ग्राहकांना 18 महिने जेमिनीची सशुल्क योजना विनामूल्य दिली. कॅनव्हाचा मोफत भाग बराच मोठा आहे, पण फोटोतील मागचा देखावा (पार्श्वभूमी) काढून टाकण्याची सोय, जी माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची आहे, ती पैसे भरणाऱ्यांसाठी राखलेली आहे. म्हणजे केवळ खर्च पाहायचा असेल तर निर्णय सोपा आहे. मला तो तसा घेता आला नाही, त्याचे कारण पुढे येईल.

मजकुराच्या कामात सहायकांचा हात धरणारे कोणी नाही, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. जंभेरी खुंटावरील (खुंट म्हणजे ज्या लिंबाच्या रोपावर कलम करतात ते) नागपुरी संत्र्याच्या कलमा तयार आहेत, उंची अमुक, दर तमुक, नोंदणी सुरू, एवढे तुटक सांगितले तरी ते शेतकऱ्याला वाचावासा वाटेल असा सुटसुटीत निरोप लिहून देतात. त्याच निरोपाचे झालावाडसाठी हिंदी रूप लगेच मिळते, आणि ते पोथीतल्यासारखे न वाटता बाजारातल्या माणसाच्या तोंडचे वाटते. रंगपूर लिंबाचा खुंट घ्यावा की जंभेरीचा, अशी विचारणा एखाद्या नव्या बागायतदाराकडून आली, तर माझे चार ओळींचे उत्तर व्यवस्थित लावून देण्याचे कामही ते चांगले करतात. संध्याकाळी पाणी देऊन झाल्यावर थकलेल्या माणसाला याचा किती आधार वाटतो, ते या धंद्यातल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र लागते. जाहिरात लिहायला सांगितली की हे सहायक आपल्या मनाने ‘शंभर टक्के रोगमुक्त’, ‘हमखास उत्पादन’ असे शब्द घालतात. रोपवाटिकेचा धंदा महाराष्ट्रात 1969 च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली परवान्याने चालतो, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे. कलम लावल्यावर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येणार नाही, असे लिहून देण्याची हिंमत कोणताही जाणता रोपवाटिकाधारक करणार नाही. म्हणून मी सांगतानाच अट घालतो की मी दिलेल्या माहितीपलीकडचा एकही दावा लिहू नये, आणि तरीही पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचतो. ही अडचण आहे, पण ती वाचून दुरुस्त करता येते, आणि म्हणून तिने माझा निर्णय फिरवला नाही.

निर्णय फिरला तो फोटोमुळे.

संत्र्याची कलम विकत घेणारा अनुभवी माणूस पाने किंवा उंची आधी पाहत नाही. तो खाली वाकतो आणि खुंटावर संत्र्याचा डोळा (कळी) कुठे भरला आहे ते पाहतो. डोळा जमिनीपासून निदान वीतभर उंचीवर असला पाहिजे, कारण तो मातीच्या जवळ आला की फायटोफ्थोरा बुरशीला वाट मिळते आणि पुढे डिंक्या होतो. चांगल्या कलमेवर त्या जागी खोडाला हलका बाक दिसतो, सालीचा रंग वर आणि खाली थोडा वेगळा असतो, आणि खुंटाचा शेंडा जेथे छाटला तेथे भरत आलेली जखम दिसते. ही एवढी बोटभर जागा म्हणजे आमच्या मालाचा पुरावा आहे. बाकी सगळे फोटोत नसले तरी चालते.

मी वाफ्यात काढलेला एका कलमेचा स्वच्छ फोटो एका सहायकाला दिला आणि मागचे पाण्याचे पाईप, रिकाम्या पिशव्या आणि कुंपण काढून टाकण्यास सांगितले. चित्र फार देखणे आले. पाने तजेलदार झाली, मागे मऊ उजेड आला, मातीचा रंगही खुलला. आमच्याकडे अनेक वर्षे डोळे भरण्याचे काम करणारे काका शेजारी बसले होते, त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि विचारले, “भाऊ, याचा डोळा कुठी हाय?” खरोखरच तो नव्हता. खोड खालपासून वरपर्यंत एकसारखे, गुळगुळीत झाले होते. बाक गेला होता, छाटल्याची खूण गेली होती, सालीच्या रंगातला फरक गेला होता. जे चित्र उरले होते ते कलमेचे नव्हते, बियांपासून उगवलेल्या रोपाचे होते, आणि बियांच्या रोपाला आमच्या धंद्यात कलमेचा भाव नसतो.

कोणत्या साधनाने हे केले त्याला फारसे महत्त्व नाही, कारण दोष त्या पद्धतीच्या मुळाशी आहे. अशा सहायकाला फोटो सुधारायला दिला की तो बहुधा नको तो भाग पुसून थांबत नाही. मूळ फोटो पाहून तो नवे चित्र रंगवतो, आणि ज्या खुणा त्याला डाग वाटतात त्या नव्या चित्रात उतरत नाहीत. त्याच्या नजरेत कलमेची गाठ, म्हणजे डोळा भरलेली ती जागा, हा खोडावरचा व्रण. 2025 मध्ये ही साधने बरीच सुधारली आणि मूळ वस्तू जशीच्या तशी राखण्याकडे त्यांचे लक्ष वाढले, हे मी स्वतः पाहिले आहे. खोडाला हात लावू नये, असे बजावून सांगितले की पुष्कळदा गाठ शाबूत राहते. पण ‘पुष्कळदा’ हा शब्द मला पुरत नाही. प्रत्येक चित्र मोठे करून खोड तपासत बसायचे असेल तर वाचलेला वेळ पुन्हा तेथेच जातो, आणि एखाद्या दिवशी तपासणे राहून गेले तर झालावाडचा माणूस गाडी घेऊन येईल तेव्हा फोटो वेगळा आणि माल वेगळा, असा बोल आपल्यावर येईल.

कोऱ्या सूचनेवरून संत्र्याचे चित्र बनवून घेण्याचा मार्ग तर मी लवकरच सोडला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि देठाकडे त्याला बहुधा थोडी मान असते. मला मिळणारी फळे घट्ट सालीची, चेंडूसारखी गोल, एखाद्या परदेशी रसाच्या डब्यावर शोभावीत अशी होती. आमचा ग्राहक संत्र्याच्या बागेत वाढलेला आहे. त्याला ते फळ परके आहे हे ओळखायला क्षणही लागत नाही. त्याच चित्रावर मराठी अक्षरे काढून घेतली तर कुठे ‘क्ष’ मोडतो, कुठे रफार दुसऱ्या अक्षरावर जातो. यातही सुधारणा होत आहे, तरी चित्रातले अक्षर हेही रंगवलेलेच असल्यामुळे आठवड्याने दर बदलला की एक आकडा दुरुस्त करण्यासाठी सगळे चित्र नव्याने मागावे लागते.

पोस्टरच्या ॲपमध्ये हे सारे वेगळ्या रीतीने घडते. तेथे फोटो हा एक थर, अक्षरे हा दुसरा थर. दर बदलला की आकड्यावर बोट ठेवायचे, नवा आकडा लिहायचा आणि पोस्टर तयार. मुक्ता किंवा बलू यांसारख्या टंकांत (फॉन्टमध्ये) जोडाक्षरे नीट उमटतात, कारण ती खरी अक्षरे असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागची बाजू काढताना हे ॲप कलमेच्या कडेने कापते आणि कलमेला हात लावत नाही. कधी एखाद्या बारीक पानाचे टोक कापले जाते, काट्यांच्या मधल्या जागेत थोडी पार्श्वभूमी राहून जाते, आणि देखणेपणात हे चित्र सहायकाच्या चित्राच्या जवळपासही येत नाही. पण गाठ जेथे होती तेथेच, जशी होती तशीच राहते. ज्याचा माल डोळ्यांनी पारखून घेतला जातो, त्याला याहून जास्त काही मागण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

ॲपची बाजू लंगडी पडते ती लिखाणात. त्याच्या आतल्या लेखनसाहाय्याची मराठी मला ओढूनताणून आणलेली वाटली आणि झालावाडसाठी लागणाऱ्या हिंदीतही तो सहजपणा आला नाही. शिवाय साचे फार वापरलेले असतात, त्यामुळे शेजारच्या रोपवाटिकेचे आणि आपले पोस्टर एकसारखे दिसण्याची शक्यता राहते. मी साचे जवळजवळ वापरतच नाही. पांढरी पाटी, वर कलमेचा पूर्ण फोटो, बाजूला गाठीचा जवळून घेतलेला फोटो, खाली खुंटाचे नाव, उंची, दर आणि परवाना क्रमांक, एवढेच ठेवतो. मजकूर मोफत सहायकाकडून लिहून घेतो आणि येथे आणून चिकटवतो.

सणावारांची तयार पोस्टर देणारी ॲप आमच्या भागात बरीच चालतात, पण त्यांची गणना मी या तुलनेत करत नाही. पोळ्याच्या दिवशी तालुक्यातील निम्म्या दुकानांच्या स्टेटसवर एकच बैलजोडी दिसते; शुभेच्छा म्हणून ते ठीक आहे, कलम त्याने विकली जात नाही.

व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर देणाऱ्या सशुल्क सेवांबद्दलही विचारणा होते. व्हॉट्सॲप बिझनेसच्या साध्या ॲपमध्ये ठरावीक उत्तरे आणि मालाची यादी ठेवण्याची सोय फुकट आहे, आणि लहान रोपवाटिकेला ती पुरते. एकच निरोप अनेकांना पाठवण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांची मर्यादा आहे, आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो, हे लक्षात ठेवून इसार घेतानाच शेतकऱ्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक नावासह भरून द्यावा. त्यापुढच्या सेवांमध्ये जुलै 2025 पासून ठरावीक साच्यातील निरोपांना प्रत्येकी आकार लागतो आणि मधल्या कंपनीचे भाडे वेगळे असते. शिवाय आमचा ग्राहक प्रश्न लिहीत नाही, तो आवाजाचा निरोप पाठवतो किंवा सरळ फोन करतो, आणि पलीकडे माणूस बोलला तरच इसार पाठवतो. मोठ्या शहरातील दुकानाला ही सेवा लाभत असेल. मला तिची निकड भासली नाही.

जो सेवा विकतो, उदाहरणार्थ शिकवणी, ट्रॅक्टर भाड्याने देणे, लग्नाचा स्वयंपाक किंवा हिशेब लिहिणे, त्याला फोटोच्या खरेखोटेपणाची एवढी काळजी नसते. त्याने लिहिणारा सहायक घ्यावा आणि त्याच्या मोफत योजनेवर बराच काळ काढावा. त्याचे काम भागेल. कापड, दागिने, बियाणे, जनावरे, कलमा अशा वस्तू विकणाऱ्याने, म्हणजे ज्याच्या मालात एखादी बारीक खूणच दर ठरवते त्याने, पैसे मांडणीच्या ॲपसाठी राखून ठेवावेत असे मी सुचवेन. आमच्या धंद्यात ते पैसे बाराही महिने भरण्याची गरज नसते. नोंदणी सुरू झाल्यापासून लागवड आटोपेपर्यंतचे महिने भरावेत आणि मग थांबावे.

मोफत वर्षाच्या योजना घेताना यूपीआयवर ऑटोपे मंजूर करावे लागत असेल, तर ते ज्या दिवशी मंजूर केले ती तारीख आणि योजनेची शेवटची तारीख रोपवाटिकेच्या नोंदवहीत इसाराच्या पानावरच लिहून ठेवावी, आणि योजना नको असल्यास मुदतीपूर्वी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ते बंद करावे. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावेत. त्या वेळी गाठीची सावली खोडावर स्पष्ट पडते आणि कोणत्याही साधनाने सुधारण्यासारखे त्यात फारसे काही उरत नाही.