नंबर पोर्ट करून नऊ महिने झाले, माझा आणि अण्णांचा अनुभव

जानेवारीत मी दोन नंबर पोर्ट केले, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, एक माझा आणि एक वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. माझा अजून नव्या कंपनीतच आहे आणि छान चाललाय. अण्णांचा मे महिन्यात परत जुन्या कंपनीत न्यावा लागला. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला जी कंपनी चांगली लागली तीच तुमच्या गल्लीत बेकार असू शकते, आणि लिहायचंय ते कंपनीबद्दल नाही, पोर्टिंग या सोयीबद्दल.

आधी कारण सांगते. २०२४ च्या जुलैमध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एका-दोन दिवसांतच रिचार्ज महाग केले, तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवलं की आता कंपनी बदलायची. मग मी तिघांचे प्लॅन शेजारी शेजारी लिहून काढले आणि लक्षात आलं की किंमत बघून बदलण्यात काही अर्थच नाही, फरक पाच-दहा रुपयांचा. सरकारी कंपनी स्वस्त होती, तेव्हा खूप लोक तिकडे गेलेही, पण आमच्या बिल्डिंगमध्ये तिची रेंज जेमतेम होती. म्हणजे निवडायला उरलं फक्त नेटवर्क. मी पुण्यात घरून हिशेबाची आणि जीएसटी रिटर्नची कामं करते, दिवसभर क्लायंटचे फोन, आणि जुन्या कंपनीचा कॉल स्वयंपाकघरात गेलं की तुटायचा. अकरा वर्षं तुटत होता. पावसाळ्यात दोन क्लायंट गेले, एकाने तर तोंडावर सांगितलं की मॅडम तुमचा फोनच लागत नाही.

आता प्रोसेस. १९०० वर 'पोर्ट' लिहून पुढे स्पेस देऊन आपला नंबर पाठवायचा (शब्द इंग्रजीत टाइप करायचा), मग आठ अक्षरांचा यूपीसी कोड (नंबर हलवायचा परवानाच समजा) येतो, तो चार दिवस चालतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, आधार आणि लाइव्ह फोटो, नवं सिम हातात. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यांतल्या एकाच विभागात असाल तर तीन वर्किंग डेज, सर्कल बदलत असेल तर पाच. पुणे आणि आमचं गाव दोन्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, त्यामुळे आम्हाला तीन दिवसांचा नियम. पोर्टिंगचे वेगळे पैसे घेतले नाहीत, फक्त पहिला रिचार्ज करावा लागला.

पण माझा पहिला मेसेज रिजेक्ट झाला. दोनच दिवसांपूर्वी सिम खराब झालं म्हणून त्याच नंबरचं दुसरं सिम घेतलं होतं, आणि जुलै २०२४ पासून नियम आहे की सिम बदलल्यावर सात दिवस यूपीसी मिळत नाही. आधी चिडले, मग समजलं की कोणी आपल्या नावाने डुप्लिकेट सिम काढून नंबर दुसरीकडे पळवू नये म्हणून ते आहे. बरोबरच आहे, राहिले सात दिवस थांबून. तुम्हीही सिम बदललं असेल तर आठवडा जाऊ द्या, उगाच दुकानात हेलपाटे नकोत. आणखी एक, प्रीपेडवर जो बॅलन्स आणि जी व्हॅलिडिटी उरलेली असते ती पोर्ट झाल्यावर जाते, त्यामुळे रिचार्ज संपत आला की मगच हलवा. आणि रिचार्ज पूर्ण संपला असला तरी १९०० वर मेसेज जायलाच पाहिजे, तसा आदेश ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२१ मध्येच दिलाय, कारण तेव्हा स्वस्त पॅकमध्ये एसएमएसच नसायचे आणि माणूस बाहेर पडायचा मेसेजसुद्धा पाठवू शकत नव्हता.

दुसरा यूपीसी आला आणि तासाभरात जुन्या कंपनीचा फोन आला. मॅडम काय प्रॉब्लेम आहे, तुम्हाला स्पेशल प्लॅन देतो, इतका डेटा जास्त, इतके रुपये कमी. अकरा वर्षांत मी किमान दहा तक्रारी केल्या असतील, प्रत्येक वेळी तक्रारीचा (डॉकेट) नंबर आला आणि दोन दिवसांनी तक्रार सोडवल्याचा मेसेज आला, सोडवलं कोणीच काही नाही. आणि जायला निघाले तर ही ऑफर. त्या फोनने माझा निर्णय पक्का झाला, कारण कळलं की इथे आपलं ऐकलं जातं ते फक्त दारात चप्पल घालताना. त्या मुलीला काही बोलले नाही, तिचं काम ती करत होती.

सिम रात्री बंद पडलं, पहाटे उठून बघते तर नव्यावर रेंज आलेली. नंबर तोच. एका बँकेचे ओटीपी मात्र दीड दिवस आले नाहीत, त्यामुळे महिन्याच्या वीस तारखेला, म्हणजे जीएसटीच्या शेवटच्या दिवशी पोर्ट करू नका, मी नशिबाने पंचवीसनंतर केलं होतं. नऊ महिन्यांत माझा अनुभव म्हणाल तर स्वयंपाकघरात कॉल तुटत नाही, जिन्यात एकदा तुटतो, डेटा संध्याकाळी आठ ते दहा जरा मंदावतो. मला यापेक्षा जास्त नकोय.

आता अण्णा. अण्णा एसटीतून रिटायर झालेत, पाटण तालुक्यात गावी असतात, साधा बटणांचा फोन. त्यांना फोनची किंमत आपल्यापेक्षा जास्त माहितीये. ऐंशीच्या दशकात त्यांनी लँडलाइनसाठी अर्ज केला होता आणि कित्येक वर्षं वेटिंग लिस्टमध्ये होते, तेव्हा फोन म्हणजे सरकारी खातं आणि बाकी कोणीच नाही. १९९४ चं सरकारचं दूरसंचार धोरण आलं, मग ३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, पण तो काळ असा की मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि फोन आला तरी पैसे आपलेच कटणार. अण्णा सांगतात, डेपोतल्या एका साहेबांकडे मोबाइल होता, तो वाजला की साहेब कट करून बाहेरच्या पीसीओवरून उलटा फोन लावायचे. मोठमोठ्या बोली लावून लायसन्स घेतलेल्या कंपन्यांना ती फी झेपेना, म्हणून १९९९ च्या धोरणात फिक्स फीऐवजी उत्पन्नातला हिस्सा द्यायचा असं ठरलं. नवे खेळाडू आले, दर कोसळले, मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि २००४ मध्ये अण्णांनी पहिला मोबाइल घेतला. तो नंबर आजही तोच. पेन्शन, बँक, गॅस, पतपेढी, सगळीकडे तोच लावलेला.

आणि इथेच पोर्टिंगचं महत्त्व आहे असं मला मनापासून वाटतं. कंपन्या भरपूर होत्या, २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा इथपर्यंत स्पर्धा गेली, पण नंबर कंपनीचा होता, तुमचा नव्हता. कंपनी सोडली की नंबर गेला, आणि नंबर गेला की माणूस हरवला. बऱ्याचदा पुढे ढकलत ढकलत नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात पोर्टिंगची सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. सर्कल ओलांडून नंबर नेता यायला जुलै २०१५ उजाडला. आधीच्या पद्धतीत कोड लगेच मिळायचा आणि मग जुनी कंपनी काहीतरी कारण काढून रिक्वेस्ट परत पाठवायची, डिसेंबर २०१९ पासून पात्रता आधीच तपासून मगच कोड देतात, त्यामुळे तो त्रास बराच कमी झालाय.

तर अण्णा संक्रांतीला पुण्याला आले होते, मी म्हटलं तुमचंही करून टाकते, दोघांचं एकाच कंपनीत असलेलं बरं. ते म्हणाले, "अगं गावात चालतं का बघ आधी." मी कंपनीच्या साइटवरचा कव्हरेज मॅप काढला, आमचं गाव हिरवंगार दिसत होतं. दाखवलं त्यांना. ते काही बोलले नाहीत, तुला कळतं त्यातलं असं म्हणाले फक्त. चूक माझी होती, मॅप बघून गावातल्या एका माणसाला साधा फोन करून विचारलं नाही.

गावी गेल्यावर त्यांचा फोन घरात लागेना. अंगणात नाही, पडवीत नाही, देवळाच्या वरच्या चढावर गेलं की लागायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, मुलीशी बोलायला चढ चढायचा. फेब्रुवारीत एकदा दोन दिवस फोन लागला नाही तेव्हा मी शेजारच्या काकूंना फोन करून घरी पाठवलं, ते दोन दिवस मी विसरणार नाही. काकूंकडे जुन्याच कंपनीचं सिम, त्यामुळे त्यांचा लागला.

लगेच परत पोर्ट करता येत नाही, नव्या कंपनीत नव्वद दिवस काढावेच लागतात. मी कॉल सेंटरला तक्रार केली, मग वर अपील केलं. अपिलाचा निकाल एकोणचाळीस दिवसांत द्यायचा असतो. उत्तर आलं की घराच्या आतलं नेटवर्क बांधकामावर अवलंबून असतं. अंगणाचं काय ते लिहिलं नव्हतं. ट्रायकडे जावं म्हटलं तर ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेतच नाही, नियम करणं त्यांचं काम. नव्वद दिवस जुन्या कंपनीच्या एका जास्तीच्या सिमवर काढले, त्याचा नंबर नातेवाइकांना सांगितला, बँकेचे मेसेज मात्र चढावर जाऊन बघायचे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. शहरात बसून आपण म्हणतो की स्पर्धा आहे, आवडलं नाही तर बदला. अण्णांच्या पडवीत एकाच कंपनीचा टॉवर पोचतो, तिथे बदलायचं कुठे? पोर्ट करायचा हक्क त्यांना माझ्याइतकाच आहे, मेसेज त्याच १९०० वर जातो, पण बाहेर पडून जायला दुसरं घर नाही. कंपनी टॉवर लावते ते ग्राहक असतील तिथे, त्यात कंपनीचा गुन्हा नाही, धंदा आहे तो. म्हणूनच २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के खेड्यापाड्यांतल्या सोयीसाठी वेगळे काढतात, त्याच फंडाला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्या पैशातून उभ्या केलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचं फोर-जी वापरता येईल अशी सोय सुरू केली. मला ही गोष्ट नव्या प्लॅनपेक्षा कितीतरी मोठी वाटते, कारण तेवढ्याने अण्णांसारख्याला खरोखर दुसरा पर्याय मिळतो. आमच्या डोंगराला तसा टॉवर नाही. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, सरपंचांनी सहीशिक्क्याने पुढे पाठवलाय.

आणि शहरातही पर्याय कमी कमी होत चाललेत हे विसरू नका. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की माझ्यासारख्या बाईचं घरबसल्या काम त्यावर उभं राहिलं, ते मी कधीच नाकारणार नाही, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो अशा कंपन्या बंद पडल्या नाहीतर दुसऱ्यांत मिसळल्या आणि व्होडाफोन-आयडिया एक झाले. तीन खाजगी आणि सरकारी, एवढंच उरलं. तीन जणांनी एकाच आठवड्यात दर वाढवले की पोर्टिंगचा मेसेज पाठवून काय होणार? दर ठरवायचं ट्रायने कंपन्यांवर सोडलंय. तरी ट्राय जिथे आग्रह धरतं तिथे फरक पडतो, डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे पॅक काढायला लावले म्हणून अण्णांना आता न वापरलेल्या डेटाचे पैसे भरावे लागत नाहीत. अर्थात डेटा काढल्यावर किंमत जेवढी उतरायला हवी तेवढी उतरली नाही असं माझं मत आहे.

मे महिन्यात मी गावी गेले, अण्णांना घेऊन तालुक्याला दुकानात गेले, लाइव्ह फोटोला त्यांनी तीन वेळा डोळे मिटले, मग झालं एकदाचं. जुन्या कंपनीत ते वीस वर्षं होते, पण परत गेल्यावर नवीन ग्राहक म्हणूनच नोंद झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला, पडवीतून, मागे कोंबडा ओरडत होता. म्हणाले, "लागला बघ." तेवढंच बोलून ठेवला.

माझा नंबर मी नव्या कंपनीतच ठेवणार आहे. गावी जाते तेव्हा ड्युएल सिममध्ये जुन्या कंपनीचं एक जास्तीचं सिम टाकून जाते, नव्वद दिवस काढले तेव्हाचंच ते. तुमच्यापैकी कोणी गावाकडच्या घरच्यांचा नंबर पोर्ट करणार असाल तर मॅप बघू नका, त्या कंपनीचं सिम असलेल्या कोणाला तरी घरात, अंगणात आणि गोठ्यात उभं करून फोन लावायला सांगा. मगच १९०० वर मेसेज करा.